एकशे पंचावन्न की एकशे पंच्याऐंशी

बालाघाटाहून परत आल्यावर स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला, "वाघ दिसला का?" पुण्याच्या माणसाला बालाघाट माहीत असलंच तर कान्हाच्या जंगलाच्या वाटेवरचं गाव म्हणून. मी म्हटलं, वाघ बघायला नव्हते गेले, टायर निवडायला गेले होते. सगळे हसले. मीही हसले आणि तासाचं निमित्त करून उठले. तिथे जे झालं ते चहाच्या कपावर सांगण्यासारखं नव्हतं.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. माहेर बालाघाटचं. वडील तहसील कचेरीत होते, मोठा भाऊ मनोहरदादा सिंचन खात्यात. दादाला गाड्यांचा नाद. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीवरचा एक इंग्रज साहेब आपली दोन सीटची, बिनछपराची स्पोर्ट्स गाडी तिथेच टाकून गेला होता. पुढे कित्येक वर्षं तिच्यात कोंबड्या अंडी घालत. दादानं ती भंगारातून उचलली, सहा वर्षं खपून उभी केली आणि ऑटोक्रॉसला न्यायला लागला. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या जागेवर प्लास्टिकचे शंकू मांडून वळणावळणाची वाट आखायची आणि एकेक गाडी घड्याळ लावून सोडायची. शंकू पडला तर दंडाचे सेकंद. बक्षीस म्हणजे एक कप आणि सगळ्यांबरोबर जेवण. नागपूर, जबलपूर, रायपूरकडची हौशी मंडळी वर्षातून एकदा बैहरच्या पठारावरच्या जुन्या धावपट्टीवर जमत आणि दादा त्यांच्यात नेहमी पहिल्या तिघांत असे.

मी त्याची टायरवाली. लग्नाआधी घड्याळही मीच धरायचे. लग्न होऊन पुण्याला आल्यावरही त्या एका रविवारासाठी मी जायचे. दोन वर्षांपूर्वी दादाला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, हात थोडा. त्यानंतर शर्यत बंद झाली असं मी धरून चालले होते. या जानेवारीत त्याचा फोन आला.

"मंगल, टायर पाह्याले ये. या साली उतरून राह्यलो."

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? तो म्हणाला, "डॉक्टरले टायरातलं काय समजते?"

बालाघाट, गुरुवार

गोंदियाहून बसनं उतरले तेव्हा स्टँडवर सुमनवहिनी उभी होती. स्टँडवर पोहे-जिलबी खाल्ल्याशिवाय तिनं हलू दिलं नाही. पुण्यात पोह्यांवर ओलं खोबरं आणि लिंबू; इथे शेव, कच्चा कांदा आणि शेजारी गरम जिलबी. पहिल्या दोन घासांना विचित्र लागतं, तिसऱ्याला आपण इथलेच होतो हे आठवतं. वहिनी पोहेवाल्याशी हिंदीत बोलत होती, माझ्याशी मराठीत, आणि मधे भेटलेल्या शेजारणीशी दोन्हीत.

"मंगलताई, तुम्ही त्याहीले नाही म्हणा," ती रिक्षात म्हणाली. "मी म्हणून म्हणून थकली. तुमचं ऐकतीन."

"मी नाही म्हटलं तर तो मला न विचारता उतरेल."

"हौ," ती म्हणाली. "हे बी खरंच आहे."

दादा शेडमध्ये गाडीजवळ खुर्ची टाकून बसला होता. स्वेटर घातलेला, डावा हात खिशात. खिशातला हात काढायचा नाही अशी त्यानं सवयच करून घेतली होती. बघणाऱ्याला वाटावं, थंडी आहे. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यानं उजव्या हातानं डोक्यावर टपली मारली आणि सरळ कामाचं बोलायला लागला.

"जुने एकशे पासष्ट दगड झाले. नख रुतत नाही. किरनापूरले मेश्रामकडे एकशे पंच्याऐंशी सांगून ठेवले, चारही चाकाले. तुले काय वाटते?"

ज्यांना टायरच्या अंगावरचे आकडे वाचायची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते. हा आकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. रुंदी वाढली की घर्षण वाढत नाही असं मी दरवर्षी अकरावीला शिकवते आणि पुस्तकापुरतं ते बरोबर आहे. रबर पुस्तक वाचत नाही. रुंद टायर वळणावर जमिनीला जास्त चिकटतो, पण त्यालाही हद्द आहे. रिम अरुंद असेल तर टायर फुग्यासारखा बाहेर येतो आणि गाडी वळताना डुलते. शिवाय थंडीत रुंद टायर तापायच्या आत मिनिटभराची फेरी संपलेली असते. आणि एक गोष्ट मी त्या दिवशी शेडमध्ये बोलले नाही. या गाडीचं स्टिअरिंग निव्वळ हाताच्या ताकदीवर चालतं. पुढचा टायर जितका रुंद, तितकं ते जड.

"उद्या बघू," मी म्हटलं.

जेवायला चिन्नोरचा भात, लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि वैनगंगेतले झिंगे होते. चिन्नोर शिजला की वास गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. पुण्याहून आलेल्या माणसानं तीनदा भात घेतला नाही तर इथे त्याची तब्येत विचारतात. मी तीनदा घेतला. दादानं एकदाच.

किरनापूर, शुक्रवार

किरनापूरला गाडी दादानंच चालवली. मी शेजारी. उघड्या गाडीत थंडी कानात शिरत होती. दोन्ही बाजूंना कापणी झालेली धानाची शेतं, बांधांवर तुरीच्या ओळी. सरळ रस्त्यावर त्याचा उजवा हात स्टिअरिंगच्या चाकावर वर आणि डावा खाली नुसता टेकलेला; गिअरसाठीही तो उजवाच हात आडवा नेई. वेगात स्टिअरिंग हलकं होतं. त्यामुळे मला वाटायला लागलं की वहिनी उगाच घाबरते. बैलगाडीला त्यानं असं सफाईनं मागे टाकलं की मी जुन्या सवयीनं मनातल्या मनात सेकंद मोजले.

मेश्रामच्या दुकानापाशी गाडी हळू करून आत वळवायची होती. दादा रस्त्यावरच थांबला. "तू घे आत," म्हणाला, "मी जरा पान खातो." दादा पान खात नाही.

मेश्राम चाळिशीचा, शांत माणूस. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. वीस वर्षांपूर्वी तो सायकलीचं पंक्चर काढायचा. दादानं त्याला टायरवरचे आकडे वाचायला शिकवलं, रिम पारखायला शिकवलं. आज लांजीपर्यंतचे ट्रॅक्टर त्याच्याकडे येतात.

त्यानं पुढच्या चाकांवर नवे एकशे पंच्याऐंशी चढवले, गाडी खाली सोडली आणि म्हणाला, "साहेब, फिरवून पाहा."

उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवणं ही सगळ्यात कठीण परीक्षा. दादानं दोन्ही हात चाकावर ठेवले. डाव्याची बोटं नीट मिटली नाहीत. त्यानं जोर लावला. मानेची शीर वर आली. चाक हललं नाही. मग हललं, सावकाश, पार शेवटपर्यंत.

मी गाडीच्या पुढे उभी होते, म्हणून मला दिसलं. मेश्राम हवा तपासायला बसल्यासारखा पुढच्या टायरजवळ बसला होता आणि गुडघ्यानं टायर ढकलत होता.

"झालं ना?" दादा म्हणाला.

"झालं, साहेब," मेश्राम म्हणाला.

दादा समोरच्या हॉटेलात चहा सांगायला गेला तेव्हा मी मेश्रामला विचारलं, "हे कशासाठी केलंत?"

तो हात पुसत राहिला. "मॅडम, त्याहीनं मले माणसात आणलं. त्याहीच्या तोंडावर कसं सांगू, का तुमच्यानं चाक फिरत नाही म्हणून?"

"आणि रविवारी? तिथे कोण ढकलणार?"

"म्हणूनच तुमची वाट पाहून राह्यलो होतो. पुढं एकशे पंचावन्न लावा. मागं पंच्याऐंशी राहू द्या. पुढचं अरुंद असलं का हलकं फिरते. गाडी नाकानं घसरन, पण फिरन तर खरी. टाइम जाईन. माणूस नाही जाणार."

तो सांगत होता ते अगदी बरोबर होतं. मीही हेच सांगितलं असतं. फक्त हे दादाला काय म्हणून सांगायचं?

चहा आला. मी खडू घेऊन टायरच्या कडेवर रेघा मारायला लागले. टायर वळणावर किती कलतो ते अशा रेघेवरून कळतं. कलला तेवढी रेघ घासून जाते. हात कामात असला की खोटं बोलायला सोपं जातं.

"दादा, पठारावर सकाळी दव गोठतं. पुढचे पंच्याऐंशी तापणारच नाहीत. पुढे एकशे पंचावन्न लावू. अरुंद टायर दोन वळणांत गरम होईल. मागे पंच्याऐंशी ठेवू, निघताना चाकं जागीच फिरून वेळ वाया जायला नको."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. अशी वाक्यं मी आयुष्यभर वर्गात बोलले आहे. दादानं माझ्याकडे बघितलं, मग मेश्रामकडे.

"तू फिजिक्सवाली," तो म्हणाला. "तू म्हणते त लाव. पण पुढचे पंच्याऐंशी बी दुसऱ्या रिमवर चढवून संग घे."

रामपायली, शनिवार

वहिनीला रामपायलीला जायचं होतं, म्हणून आम्ही दोघी बसनं गेलो. नदीकाठचं जुनं राममंदिर, खाली चंदन नदीचं उथळ पाणी, त्यात काठावर वाळत घातलेल्या साड्यांचे रंग. आत फारशी गर्दी नव्हती. पुजाऱ्यानं वहिनीला ओळखलं आणि "साहेब कैसे हैं" विचारलं. वहिनी म्हणाली, "ठीक हैं." आजारी माणसाच्या घरातली बाई हे दोन शब्द दिवसातून किती वेळा म्हणत असेल, ते मला तेव्हा कळलं.

बाहेर पायरीवर बसून तिनं डबा सोडला. तांदळाच्या भाकरी आणि वांग्याची भाजी.

"काय मागितलंत?" मी विचारलं.

"मागितलं का गाडी सुरूच होऊ नये," वहिनी म्हणाली. मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "मग वाटलं, गाडी नाही सुरू झाली त घरी येऊन हे कसे बसतीन. म्हणून परत गेली आन ते मागणं वापस घेतलं. दुसरं काही सुचलं नाही."

तिनं कपाळाला हात लावला नाही, रडली नाही. झटक्यानंतर पहिले तीन महिने दादा शर्टाची बटणं लावता येईना म्हणून खोलीचं दार लावून घ्यायचा, हे तिनं मला तिथे सांगितलं. मला फोनवर हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. "बरा आहे ना?" "बरा आहे." एवढ्यावर मी दोन वर्षं काढली होती.

धावपट्टी, रविवार

गाडी मेश्रामच्या छोट्या ट्रकवर चढवून आम्ही पहाटेच घाट चढलो. दादा पुढे मेश्रामजवळ, मी आणि वहिनी मागून ओळखीच्यांच्या जीपमध्ये. घाटात सालाची झाडं आणि बांबू, मधे धुकं. वर पोचल्यावर एकदम मोकळं पठार आणि गवतावर पांढरं दव. धावपट्टीच्या भेगांतून गवत उगवलेलं. शंकू मांडून झाले होते. वीस-बावीस गाड्या, बऱ्याचशा घरच्या, थोड्या सजवलेल्या. जुनी मंडळी दादाला भेटायला आली. एकानं हात पुढे केला तो नेमका डावीकडून; दादानं अर्धं वळून उजवा दिला. पुढे आलेला प्रत्येक जण जरा जास्तच मोठ्यानं बोलत होता.

प्रत्येकाला दोन फेऱ्या. वाट साधी होती: सुरुवातीला सात शंकूंमधून नागमोडी, मग लांब उजवं वळण, टोकाला एक अगदी आखूड डावं वळण, जवळजवळ गाडी मागे फिरवायची, आणि परत.

पहिली फेरी दादानं पुढच्या एकशे पंचावन्नवर केली. गाडी फिरली. मेश्राम म्हणाला होता तशीच नाकानं घसरत, प्रत्येक शंकूला लांबून वळसा घालत. एकही शंकू पडला नाही. वेळ सांगितली तेव्हा शेजारची मंडळी टाळ्या वाजवायला लागली. ती वेळ खालून तिसरी होती. दादाला पूर्वी कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्याच्यावर सगळे जळायचे.

तो गाडीतून उतरला नाही. मला जवळ बोलावलं.

"मंगल. हे टायर थंडीसाठी लावले का माह्या हातासाठी?"

"थंडीसाठी."

"पाह्य माह्याकडे."

मी बघितलं. हेल्मेटच्या आत त्याचा चेहरा लहान दिसत होता.

"घरी सगळे माह्याशी असंच बोलून राह्यले," तो म्हणाला. "सुमन, डॉक्टर, मेश्राम. त्यानं परवा गुडघा लावला, मले समजलं नाही का? मी म्हटलं, मंगल येऊन राह्यली, ती त सांगन खरं. म्हणून बोलावलं तुले. टायर त मले बी समजते."

मग मी म्हटलं, "हातासाठी."

"हौ," तो म्हणाला. "मग आता रुंद लाव."

मी 'नाही' म्हणू शकले असते. मेश्रामनं पाना हातात घेतला नसता, आयोजकांना सांगून मी त्याला थांबवू शकले असते. वहिनी दहा पावलांवर शाल घट्ट धरून उभी होती आणि माझ्याकडेच बघत होती. नंतर मी हे दृश्य पुष्कळदा मनात फिरवून बघितलं आहे. मला वाटलं, एकदा खोटं बोलले, आता त्याची भरपाई करायची. मी मेश्रामला म्हटलं, "लावा." तो जॅक घेऊन आला. नवीन चाकांवर मी खडूच्या रेघा ओढल्या. रेघा वाकड्या आल्या.

दुसरी फेरी. गाडी सुटली आणि पहिल्या शंकूपाशीच सगळ्यांची बोलणी थांबली. नागमोडीत ती सुई शिरावी तशी शिरत गेली, शंकूंना बोटभर अंतर ठेवून, घसरली नाही, डुलली नाही. वेगात स्टिअरिंग हलकं होतं, तेवढ्यापुरता तो जुना मनोहर होता. मी वहिनीचा हात धरला. लांब उजवं वळण त्यानं एका हातानं काढलं आणि ते इतकं नेटकं होतं की कुणीतरी मागे "वाह" म्हणालं.

मग टोकाचं डावं वळण आलं. तिथे वेग मारावा लागतो, आणि वेग मेला की स्टिअरिंग दगड होतं. गाडीचं नाक थोडं डावीकडे आलं आणि तिथेच थांबलं. मग गाडी सरळ गेली. चार शंकू उडाले. धावपट्टी संपली, गवत लागलं, आणि ती गवतात हळूहळू, अगदी सावकाश थांबली. इंजिन बंद पडलं. कुठे आपटली नाही, काही मोडलं नाही.

मी आणि मेश्राम धावत गेलो. दादा बसला होता. उजव्या हातानं त्यानं डावं मनगट धरून चाकावर दाबून ठेवलं होतं, अजूनही. बोटं उघडी.

"लागलं का?" मी विचारलं.

"नाही."

मी खाली बसून पुढचा डावा टायर बघितला. काय बघायचं ते माझं मला माहीत नव्हतं, सवयीनं बसले. कडेवरची खडूची रेघ जवळजवळ जशीच्या तशी होती. टायर अजून कितीतरी वळू शकला असता. त्याला कुणी वळायला सांगितलंच नव्हतं.

"टायर बरोबर होते, मंगल," दादा म्हणाला. "टायरनं धरलं होतं. मी नाही फिरवू शकलो."

मेश्राम तोंड फिरवून गवताकडे बघत उभा राहिला. दादाचा डावा हात चाकावरून मी काढला. तो थंडगार होता आणि त्याला वजन होतं, झोपलेल्या माणसाला असतं तसं. जेवणासाठी आम्ही थांबलो नाही. आयोजकांपैकी एक जण मागून येऊन म्हणाला, साहेबांना खास कप द्यायचा आहे. वहिनीनं हात जोडले आणि म्हणाली, "ना भैया. रहने दीजिए."

सोमवार

सकाळी उठले तेव्हा मेश्राम येऊन गेला होता. दादानं त्याला फोन करून बोलावून घेतलं होतं. गाडी विटांवर चढवलेली, चारही चाकं काढलेली.

दादा ओसरीत उन्हाला बसला होता. वहिनीनं त्याच्या स्वेटरची बटणं लावली आणि त्यानं लावू दिली. मी समोर बसले. एरवी निघायच्या दिवशी आमचं बोलणं संपत नसे: पुढच्या वर्षी कोणतं रबर, हवा किती, मागचा रिम बदलायचा का. त्या दिवशी तो रस्त्यानं जाणाऱ्या सायकली बघत होता.

माझी बस अकराची. मी पाया पडले.

"आता काहून येशील?" दादा म्हणाला.

विचारण्यात तक्रार नव्हती, राग नव्हता. मी आता कशासाठी येईन, हे त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. एवढी वर्षं मी टायरांसाठी येत होते. आम्ही भाऊबहीण टायरांच्या आडून एकमेकांशी बोलत होतो. ते काढून घेतल्यावर खाली काही आहे का, हे आम्ही दोघांनीही कधी बघितलं नव्हतं.

"मे महिन्यात येते," मी म्हटलं. "सुट्टी आहे. आठ दिवस राहीन. नुसतीच."

"ये," तो म्हणाला.

मे येऊन गेला. पेपर तपासायचे होते, मुलाचा प्रवेश होता, ऊन फार होतं. रविवारी फोन करते. तो विचारतो, पाऊस आहे का? मी सांगते. मी विचारते, तिकडे? तो सांगतो. मग तो म्हणतो, "घे, सुमनशी बोल."